डिस्चार्ज कार्ड आणि किराणा यादी

नगर-मनमाड रस्त्यावरचा राहाता तालुका हृदयविकाराच्या बाबतीत नशीबवान म्हणायला हवा. शिर्डी याच तालुक्यात. तिथल्या साईबाबा संस्थानच्या सुपर स्पेशालिटी रुग्णालयात अँजिओप्लास्टी आणि बायपास दोन्ही होतात, आणि त्यासाठी राज्यभरातून माणसं येतात. लोणीही याच तालुक्यातलं. तिथे प्रवरा परिवाराचं रुग्णालय आणि 1984 पासूनचं ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे. पैशाची अडचणही पूर्वीइतकी राहिलेली नाही. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत अँजिओप्लास्टी बसते, आणि फेब्रुवारी 2017 मध्ये केंद्राने स्टेंटच्या किमतीवर मर्यादा घातली. त्याआधी लाखाच्या पुढे बिल लागणारा औषधी लेप असलेला स्टेंट तेव्हा तीस हजारांच्या आत आला. छातीतल्या कळेला ‘गॅसेस असतील’ म्हणत रात्र काढणारा माणूस वेळेत दवाखान्यात पोचला, तर तो वाचण्याची शक्यता आज त्याच्या वडिलांच्या पिढीपेक्षा कितीतरी जास्त आहे.

अडचण सुरू होते ती घरी परतल्यावर. दोन-चार दिवसांत डिस्चार्ज मिळतो, हातात फाइल आणि गोळ्यांची पिशवी येते. ‘स्प्रिंग बसवली’ ही बातमी भावकीत फिरते, भेटायला माणसं येतात, येताना फळं आणतात आणि चहा घेऊन जातात. डिस्चार्ज कार्डाच्या तळाशी चार ओळी असतात: मीठ-तेल कमी, रोज चालणे, तंबाखू बंद, ताण टाळा. या चार ओळी बहुतेक रुग्णांना आधीपासून पाठ असतात. माहितीचा दुष्काळ कुठेच नाही. तरीही दोन दिवाळ्या गेल्या की बहुतेक घरांत तीच आमटी, तीच तर्री आणि खिशात तीच पुडी दिसते.

ही स्प्रिंग, म्हणजे स्टेंट, नेमकं काय करते, हे आधी समजून घ्यायला हवं. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांच्या अस्तरात चरबी, चुना आणि दाहाच्या पेशी साचून थर बनतात. हे थर एका जागी नसतात. कमी-अधिक प्रमाणात ते धमनीच्या लांबीभर पसरलेले असतात. झटका येतो तेव्हा यातला एखादा थर फुटतो, त्यावर रक्ताची गुठळी बसते आणि वाट बंद होते. फुटणारा थर सर्वांत मोठाच असतो असंही नाही. स्टेंट ती एक जागा उघडी करतो. ऐन झटक्यात तो जीव वाचवतो, यात शंका नाही. पण बाकीचे थर जिथल्या तिथेच राहतात. 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘करेज’ नावाच्या अमेरिकी-कॅनडियन चाचणीत स्थिर हृदयविकाराचे 2,287 रुग्ण होते. निम्म्यांना औषधं आणि जीवनशैलीच्या बदलासोबत अँजिओप्लास्टीही दिली, निम्म्यांना ती दिली नाही. मृत्यू आणि झटक्यांच्या प्रमाणात दोन्ही गटांत फरक पडला नाही. म्हणजे ‘नळ्या साफ करून आणल्या’ हे वाक्य गावात कितीही आवडीचं असलं तरी ते खरं नाही.

मग पथ्याने किती फरक पडतो? याचं उत्तर 41 देशांतल्या अठरा हजारांहून जास्त रुग्णांच्या पाहणीत सापडतं. ही पाहणी 2010 मध्ये ‘सर्क्युलेशन’ या नियतकालिकात आली. झटका येऊन महिना झाल्यावर या रुग्णांना आहार, व्यायाम आणि धूम्रपानाबद्दल विचारलं. आहार आणि व्यायाम दोन्ही सांभाळणारे तीसेक टक्केच निघाले. ज्यांनी सिगारेट सोडली नाही आणि आहार-व्यायामही बदलला नाही, त्यांना पुढच्या सहा महिन्यांत पुन्हा झटका, पक्षाघात किंवा मृत्यू येण्याचा धोका होता तो दोन्ही पथ्यं पाळणाऱ्या, कधीच धूम्रपान न केलेल्या रुग्णांच्या 3.8 पट. तोही अवघ्या सहा महिन्यांत. पथ्याचा उपयोग म्हातारपणी दिसेल, या समजाला इथे जागाच उरत नाही.

आपल्याकडे हे सगळं लवकर घडतं, हीही एक गोष्ट. पहिल्या झटक्याचं सरासरी वय दक्षिण आशियात 53 आणि इतर जगात 59 असल्याचं ‘इंटरहार्ट’ या मोठ्या अभ्यासातून समोर आलं. सहा वर्षांचा हा फरक मुलीचं लग्न, मुलाचं शिक्षण आणि सोसायटीचं कर्ज यांच्या ऐन मधोमध येतो.

महाराष्ट्रात या विषयावर सर्वांत मोकळेपणाने कोणी बोललं असेल तर ते डॉ. अभय बंग. बंग वैद्यकशास्त्रातले एम.डी. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात ते सार्वजनिक आरोग्य शिकले आणि 1986 पासून ते गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था चालवत आहेत. जिल्ह्यातल्या दारूबंदीच्या चळवळीत ते पुढे होते. अशा माणसाला 1995 मध्ये, पंचेचाळिशीच्या आसपास, हृदयविकाराचा झटका आला. त्या अनुभवावरचं त्यांचं ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ हे पुस्तक मराठी घराघरांत पोचलं. कुणाच्या ऑपरेशनची बातमी आली की ते भेट म्हणून देण्याची रीतच पडली.

त्या पुस्तकातून वाचक सहसा आहार आणि ध्यान घेऊन जातात. प्रस्तुत लेखकाला त्यातली वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटते. ज्याला हृदयविकाराची कारणं झोपेत विचारली तरी सांगता आली असती, त्यालाही ती स्वतःच्या दिवसात दिसली नव्हती. तेव्हा पेरूच्या बागायतदाराने किंवा कारखान्याच्या कामगाराने चार ओळींचं कार्ड वाचून बदलावं, ही अपेक्षा जरा भाबडीच आहे. बंग यांनी नुसता निश्चय केला नाही. त्यांनी दिवसाचा आराखडाच बदलला.

त्यांनी ज्यांच्या कामाचा आधार घेतला त्या अमेरिकेतल्या डॉ. डीन ऑर्निश यांची कथाही रंजक आहे. ऑर्निश यांच्यावर प्रभाव होता तो भारतातून अमेरिकेत गेलेल्या स्वामी सच्चिदानंदांचा. 1990 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये ऑर्निश यांनी 48 रुग्णांची चाचणी प्रसिद्ध केली. जवळजवळ पूर्ण शाकाहार, एकूण ऊर्जेच्या दहा टक्केच चरबी, चालणं, योग-ध्यान, धूम्रपान बंद आणि गटाच्या नियमित बैठका असा तो कार्यक्रम होता. वर्षभरानंतर तो पाळणाऱ्या गटाच्या धमन्यांतलं अरुंदपण सरासरी 40 टक्क्यांवरून 37.8 टक्क्यांवर आलं, तर दुसऱ्या गटाचं वाढलं. आकडा छोटा आहे, रुग्ण मोजके आहेत, आणि इतकी कडक चरबीबंदी सगळ्यांनाच लागते का यावर आजही मतभेद आहेत. ‘ब्लॉकेज विरघळतात’ अशा जाहिराती या अभ्यासाच्या नावावर खपवल्या जातात, त्या मात्र निव्वळ अतिशयोक्ती. या प्रयोगातली नजरेआड होणारी बाब म्हणजे गट. रुग्ण एकमेकांना नेमाने भेटत, बोलत, आणि सोबत जोडीदारालाही आणत. पथ्य ही एकट्याची शिक्षा राहिली नाही म्हणून ते वर्षभर टिकलं.

राहात्याच्या घरात नेमकं उलटं होतं. ‘यांच्यासाठी’ वेगळं पातेलं चढतं. बिनमिठाची, बिनतेलाची पांढरी भाजी एका ताटात, आणि शेजारच्या ताटात काळ्या मसाल्याचं कालवण. पहिले पंधरा दिवस धाकाने निघतात. मग एक दिवस ‘थोडी तर्री घाल’, मग दोन चमचे, आणि महिन्याभरात वेगळं पातेलं बंद. स्वयंपाक करणारीला तरी रोज दोन चुली कशा परवडणार? दोष तिचा नाही, रुग्णाचाही नाही. पद्धतच चुकीची आहे. पथ्य टिकवायचं तर ते घराचं करावं लागतं, आणि घराचं पथ्य डिस्चार्ज कार्डावर नसतं, ते महिन्याच्या किराणा यादीत असतं.

यादीचा हिशोब अगदी सोपा आहे. जागतिक आरोग्य संघटना सांगते, माणशी दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ, म्हणजे सपाट भरलेला एक छोटा चमचा. चार माणसांच्या घराला महिन्याला सहाशे ग्रॅम पुरायला हवं. लोणचं, पापड, कुरडया, सांडगे, फरसाण, बेकरीचं खारं यातलं मीठही याच सहाशेत धरायचं. बहुतेक घरांत किलोची पिशवी महिनाअखेर रिकामी होते, आणि शिवाय लोणच्याची बरणी असतेच. सैंधव वापरलं की सूट मिळते, हाही गैरसमज. सैंधवातही सोडियमच असतं. ‘लो सोडियम’ मिठात पोटॅशियम असतं. मूत्रपिंडाचा त्रास किंवा रक्तदाबाच्या काही गोळ्या चालू असतील तर ते डॉक्टरांना विचारूनच घ्यावं.

तेलाचंही तसंच. आहारतज्ज्ञ माणशी महिन्याला साधारण अर्धा लिटर सांगतात, म्हणजे चौघांना दोन लिटर. कढईवर नजर ठेवण्यापेक्षा डबा ठरवून आणणं सोपं. पाच लिटरचा कॅन घरात आला की तो संपणारच. दोन लिटर आले तर पंचवीस तारखेनंतर हात आपोआप आखडतो. तळणाचं उरलेलं तेल पुन्हा पुन्हा तापवणं, वनस्पती तूप, सुक्या खोबऱ्याचं भरघोस वाटण, पोळीवर ओघळणारं साजूक तूप, ही यादीतली पुढची नावं. मीठ हळूहळू कमी केलं तर काही आठवड्यांत जिभेला सवय होते. एकदम बंद केलं तर जीभ बंड करते.

बरं, या भागाला बाहेरून काही आणायची गरजही नाही. नगर जिल्हा रब्बीच्या ज्वारीचा. बाजरी, मटकी, हुलगा, मेथी-शेपू, ताक सगळं दारात आहे. पंचक्रोशीत मानल्या जाणाऱ्या सराला बेटाच्या सप्ताहात गावोगावच्या भाकरी आणि आमटी हाच महाप्रसाद असतो, आणि पोळी-श्रीखंडाच्या पंगतीपेक्षा तो हृदयाला कधीही बरा. राहात्याचा पेरू तर प्रसिद्धच. भरपूर चोथा आणि भरपूर क जीवनसत्त्व देणारं हे फळ. अडचण एवढीच की गाडीवाला त्याच्या चार फोडी करून प्रत्येक फोडीत तिखट-मीठ दाबून भरतो. ‘मीठ नको’ हे दोन शब्द तिथे लाजून म्हटले जात नाहीत.

उपवासाचं काय? शिर्डीच्या परिसरात गुरुवार धरणारी माणसं खूप, एकादशीवाले वेगळे. उपवास म्हणून साबुदाण्याची खिचडी, वर दाण्याचं कूट, बटाट्याचा कीस आणि तळलेले पापड खाल्ले तर तो हृदयाचा उपवास होत नाही. भगर, ताक, फळं, राजगिरा यावरही दिवस निघतो. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर उपवासाआधी डॉक्टरांशी बोलणं आवश्यक.

चालण्याबद्दल गावाकडे एक ठरलेलं उत्तर मिळतं: ‘आम्ही दिवसभर शेतात राबतो, आम्हाला कसला व्यायाम?’ वीस वर्षांपूर्वी ते खरं होतं. आता मळ्यात मोटारसायकलने जाणं होतं, नांगरट ट्रॅक्टर करतो, मोटार मोबाईलवर चालू होते आणि उसाला तोडणी टोळी येते. राबणं मजुरांकडे गेलं, भूक मात्र जुनीच राहिली. आठवड्याला दीडशे मिनिटं, म्हणजे पाच दिवस अर्धा अर्धा तास, भरभर चालणं एवढी मागणी आहे. वेग किती? चालताना बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये. नुकताच झटका येऊन गेलेल्याने डॉक्टरांनी दिलेल्या वेळापत्रकाप्रमाणे पाच-दहा मिनिटांपासून सुरुवात करावी. छातीत दुखलं, दम लागला, गरगरलं तर थांबावं. आणि महामार्गाच्या कडेने पहाटेच्या अंधारात चालू नये. मळ्याचा रस्ता, शाळेचं मैदान, मंदिराचं आवार यातलं काहीही त्यापेक्षा चांगलं.

हृदयरुग्णाने चालायचं असतं, हा विचारही फार जुना नाही. पूर्वी झटक्यानंतर सहा सहा आठवडे अंथरुणाला खिळवून ठेवत. सप्टेंबर 1955 मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना डेन्व्हरमध्ये झटका आला. त्यांचे हृदयतज्ज्ञ पॉल डडली व्हाइट यांनी पत्रकारांपुढे आजार उघडपणे समजावून सांगितला आणि राष्ट्राध्यक्षांना हळूहळू हालचालीला लावलं. पुढच्याच वर्षी आयझेनहॉवर निवडणूक लढले आणि जिंकले. ‘अ‍ॅटॅक आला म्हणजे माणूस संपला’ ही समजूत ढिली व्हायला त्याने जगभर मदत झाली. आपल्याकडे ती अजून पुरती गेलेली नाही. पन्नाशीच्या धडधाकट माणसाला घरचे पाण्याचा तांब्याही उचलू देत नाहीत.

योगाचं काय, असं इथे हमखास विचारलं जातं. भारतातच त्यावर मोठी चाचणी झाली आहे. ‘योग-केअर’ नावाच्या या चाचणीत 24 केंद्रांवर झटका येऊन गेलेले 3,959 रुग्ण होते. निम्म्यांना तीन महिन्यांत योगाची तेरा सत्रं दिली. 2020 मध्ये निकाल आला: योगगटातल्यांना स्वतःची तब्येत जास्त बरी वाटत होती, रोजच्या कामाला ते अधिक चांगल्या रीतीने परतले. पुन्हा झटका किंवा मृत्यू यांत मात्र ठाम म्हणता येईल असा फरक सिद्ध झाला नाही. म्हणून योग जरूर करावा, पण गोळीच्या जागी नाही.

गोळ्यांचा विषय निघालाच आहे, तर तिथली पडझड सर्वांत मोठी. 2011 मध्ये आलेल्या ‘प्युअर’ अभ्यासात गरीब देशांच्या गटात, ज्यात तेव्हा भारतही धरला होता, हृदयविकार किंवा पक्षाघात होऊन गेलेले सुमारे 80 टक्के लोक सिद्ध औषधांपैकी एकही घेत नव्हते. बरं वाटू लागलं की गोळी सुटते. कोणीतरी मोबाईलवर लसूण-आलं-लिंबू-मधाचा ‘ब्लॉकेज उघडणारा’ काढा पाठवतं, आणि रक्त पातळ करणारी गोळी आठवडाभर बाजूला पडते. काढ्याने ब्लॉकेज उघडल्याचा पुरावा नाही. ती गोळी मनाने बंद केल्यावर नव्या स्टेंटमध्ये गुठळी होऊन माणूस दगावू शकतो, याचा पुरावा मात्र आहे. दात काढायचा असला तरी आधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारावं.

तंबाखूवर फार लिहिण्याची गरज नाही, कारण वादच नाही. 2016-17 च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले 26.6 टक्के प्रौढ तंबाखूचं सेवन करत होते, आणि त्यात बहुतेक चघळणारे किंवा लावणारे. मळलेली चुना-तंबाखू, मिशरी, 2012 पासून बंदी असूनही मिळणारा गुटखा. हृदयविकार झाल्यावर धूम्रपान सोडणाऱ्यांचा मृत्यूचा धोका न सोडणाऱ्यांपेक्षा सुमारे 36 टक्क्यांनी कमी होतो. एवढं देणारी गोळी बाजारात शोधून सापडणार नाही. घरातल्या बाईची मिशरी मात्र डॉक्टर विचारत नाहीत आणि ती सांगत नाही. तो प्रश्न विचारला गेला पाहिजे.

मनाचा भाग सर्वांत जास्त झाकला जातो. झटक्यानंतर साधारण पाचांतल्या एकाला उपचार लागण्याइतकं नैराश्य येतं. गावात त्याला ‘स्वभाव बदलला’, ‘चिडचिड करतो’, ‘लगेच रडू येतं’ अशी नावं मिळतात. नवरा-बायकोच्या संबंधांची भीती तर कोणीच बोलून दाखवत नाही. दोन जिने न थकता, न दुखता चढता येत असतील तर बहुतेकांना त्यात धोका नसतो, हे डॉक्टरांनी न विचारताच सांगायला हवं. खचलेलं मन पथ्य पाळत नाही. त्यामुळे झोप उडाली, काही करावंसं वाटेना, तर तेही पुढच्या तपासणीत इसीजीइतकंच स्पष्ट सांगावं.

आणि सवय लागायला किती दिवस? ‘एकवीस दिवस’ हा आकडा सगळीकडे फिरतो. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी 96 जणांवर हे तपासलं, तेव्हा सरासरी 66 दिवस निघाले. कुणाला 18, तर कुणाला 254 दिवस लागतील असा अंदाज आला. त्याच अभ्यासात दिसलेली दिलाशाची गोष्ट अशी की मधला एखादा दिवस चुकला तरी सवय लागण्यात विशेष खोट येत नाही. यात्रेतलं मटण किंवा लग्नातली जिलेबी झाली म्हणून ‘आता मोडलंच’ असं म्हणत पथ्य सोडून देण्याचं कारण नाही. पहिल्या महिन्यात उत्साहाने सात किलोमीटर चालणारे तिसऱ्या महिन्यात घरी बसलेले दिसतात. रोज वीस मिनिटं चालणारे वर्षानंतरही रस्त्यावर भेटतात.

तेव्हा घरात कुणाला नुकतीच स्प्रिंग बसली असेल, तर पुढच्या तपासणीला स्वयंपाक करणाऱ्या माणसालाही डॉक्टरांसमोर बसवा. येत्या एक तारखेला किराणा यादी सगळ्यांनी मिळून लिहा. जनआरोग्य योजनेत काही उपचारांनंतरच्या पाठपुराव्याचाही समावेश असतो. आपला उपचार त्यात येतो का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. तंबाखू सोडायला मदत हवी असेल तर 1800-11-2356 हा राष्ट्रीय क्रमांक मोफत आहे. आणि छातीत पुन्हा कळ आली तर सोडा पिऊन वाट बघू नका, 108 लावा.